रात्रीचं सूप आणि डब्यातली शेव

प्रश्न : ताई, माझं वय ५१, उंची ५ फूट १ इंच, वजन ७८ किलो. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून बजावलं. तेव्हापासून रात्रीचं जेवण बंद करून आम्ही दोघं फक्त टोमॅटोचं सूप घेतो. चार टोमॅटो, एक बटाटा, दाटपणासाठी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, मोठा चमचा लोणी, वर दोन चमचे साय आणि आंबटपणा मारायला चमचाभर साखर. कंटाळा आला की पाकिटातलं सूप करते. पण साडेदहाच्या सुमारास पोटात कावळे ओरडायला लागतात, मग डब्यातली मूठभर शेव खाल्ली जाते. दोन महिने झाले, काटा जागचा हलत नाही. सूपनं वजन उतरतं की नाही? आणि कोणत्या भाज्यांचं करू?
— स. दे., रामबाग, इंदूर

उत्तर : उतरतं, ताई. पण आधी तुमच्या पातेल्यात काय काय जातंय ते बघू. मोठा चमचाभर लोणी म्हणजे १०० कॅलरी. दोन चमचे कॉर्नफ्लोअर ६०, बटाटा ७५, साय साधारण पाऊणशे, साखर २०. टोमॅटो अजून मोजलेच नाहीत, तरी सव्वातीनशे झाल्या. दोघांत वाटल्या तरी वाटीमागे दीडशेच्या वर, आणि त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. आता शेव. तुमच्या मुठीतली शेव एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. ३० ग्रॅमच्या आसपास भरेल. शेवेच्या १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या घरात कॅलरी असतात, म्हणजे ती मूठ झाली १६५ची. सूपातून जे वाचवलं असं वाटतं, ते साडेदहाला डब्यातून परत येतं. यात तुमचा निग्रह कमी पडला असं मी अजिबात मानत नाही. नुसत्या टोमॅटोच्या पाण्यावर झोपायला निघालेल्या माणसाला भूक लागणारच.

म्हणून माझं पहिलं सांगणं : रात्रीचं जेवण सुरू करा आणि सूप त्याच्या आधी घ्या. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या गटानं २००७मध्ये हे तपासलं होतं. जेवणाआधी कमी कॅलरीचं भाजीचं सूप घेतलं, तर सूप धरूनसुद्धा त्या जेवणातल्या एकूण कॅलरी सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्या. सूप तुकड्यांचं होतं की घोटलेलं, यानं फारसा फरक पडला नाही. तेव्हा तुम्हाला जसं आवडतं तसं करा. मोठी वाटीभर सूप सावकाश प्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग ताट घ्या : एक फुलका किंवा ज्वारीची लहान भाकरी, वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ, नाहीतर ५० ग्रॅम पनीर, आणि काकडी. हे जेवून उठल्यावर शेवेचा डबा आठवतो का ते बघा.

आता सूप. दोघांसाठी पाव किलोहून थोडा जास्त दुधी, दोन मोठे चमचे पिवळी मूगडाळ, एक टोमॅटो, अर्धा इंच आलं, चार मिरे आणि तीन वाट्या पाणी. कुकरला तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जाऊ द्या, मग रवीनं घुसळा. मिक्सरच लागत असेल तर पूर्ण कोमट होऊ द्या. गरम सूप भांड्यात भरून फिरवलं की वाफेनं झाकण उडतं आणि हात भाजतो. वरून चमचाभर साजूक तुपात जिरं-हिंगाची फोडणी, मीठ बेतानं, उतरवल्यावर लिंबू. दाटपणा डाळीनं आणि दुधीनंच येतो, कॉर्नफ्लोअरचं काही काम उरत नाही. वाटीमागे १०० कॅलरी पडतात. तूप वगळू नका. गाजर, लाल भोपळा, पालक, टोमॅटो यांतले रंगाचे घटक शरीरात शोषले जायला थोडा स्निग्ध पदार्थ लागतो. एका माणसाला अर्धा चमचा पुरे. आणि सूप गाळू तर मुळीच नका. गाळणीत अडकतो तो चोथा पोट भरल्यासारखं ठेवतो, पोटही साफ ठेवतो. कितीतरी घरांत तो सरळ कचऱ्यात जातो, आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

दुधीबद्दल एक गोष्ट जिवाला लावून घ्या. चिरल्यावर आधी कच्चा बारीक तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा दुधी टाकून द्या. त्या कडूपणामागे कुकुर्बिटासिन नावाचा विषारी घटक असतो, तो शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन उलट्या, जुलाब, रक्तस्राव, मृत्यूसुद्धा झालेले आहेत. ‘औषधी आहे, नाक दाबून पी’ असं कोणी मोठ्या माणसानं सांगितलं तरी ऐकायचं नाही. हाच नियम घोसाळ्याला, म्हणजे आपल्याकडच्या गिलकीला, आणि दोडक्यालाही लावा. विकत घेताना दुधी फिकट हिरवा, बारीक लव असलेला, हाताला जड लागणारा निवडा. नख सहज रुतलं तर बिया कोवळ्या. नख लावलेलं भाजीवाल्याला आवडत नाही, म्हणून विचारून देठाशी हळूच लावावं.

रोज दुधी नको. हिवाळ्यात चोइथराम मंडीतून पालक, गाजर, मटार आले की चैन असते. पालक कुकरमध्ये कोंबू नका. उघड्या पातेल्यात दोन-तीन मिनिटं, हिरवा रंग टिकतो. गाजर-लाल भोपळ्याच्या सूपला साखर लागतच नाही. चाकवत, ज्याला इथे सगळे बथुआच म्हणतात, मूगडाळीबरोबर फार सुंदर लागतं. मटाराचे दाणे भाजी म्हणून नाही, डाळीसारखे मोजा : १०० ग्रॅमला ८० कॅलरी, पण ५ ग्रॅम प्रथिनंही. फ्लॉवरचं सूप बटाट्याशिवाय पांढरंशुभ्र आणि दाट होतं, त्यात पाव वाटी दूध घातलं की साय आठवत नाही. वर चिमूटभर जीरावन मसाला भुरभुरा, इंदूरच्या जिभेला तेवढं हवंच! फक्त जीरावनात मीठ असतंच, म्हणून सूपातलं मीठ आधीच कमी ठेवा.

पाकिटातलं सूप अडीअडचणीला ठीक, रोजचं नको. पाकीट उलटून सोडियमचा आकडा वाचा आणि अडीचनं गुणा, म्हणजे मीठ किती ते कळेल. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, आणि आपली पोळी, लोणचं, सकाळच्या पोह्यांवरची शेव हे सगळं त्यातच बसवायचं असतं.

हे सगळं पाळल्यावर आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम समजा. काटा रोज नको, आठवड्यातून एकदा, सकाळी.

प्रश्न : डिसेंबरात माझं लग्न आहे. मैत्रिणीनं सात दिवस फक्त कोबीचं सूप पिऊन चार किलो कमी केले. मीही करू का?
— प्रा., सुदामानगर, इंदूर

उत्तर : नको ग. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. उपाशी राहिलीस की आधी हा साठा आणि ते पाणी जातं. मैत्रिणीच्या चार किलोंत बराच वाटा त्याचाच असणार. ती पुन्हा जेवायला लागली की पाणी परत. शिवाय कोबीत प्रथिनं नगण्य, म्हणजे चरबीबरोबर स्नायूही झिजतात. हळदीच्या दिवशी चक्कर येऊन बसायचंय का तुला? तुझ्या हातात अजून काही महिने आहेत. वर लिहिलेलं सूप रात्रीच्या जेवणाआधी घे, रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाल, आणि केळवणांना गेलीस की वाढणाऱ्या मावशी-काकूंना नाही म्हणू नकोस, पहिला वाढा घे आणि दुसऱ्याला हात आडवा धर. कोबी थायरॉइडला वाईट म्हणून घाबरवणारेही भेटतील. शिजवलेला कोबी, जेवणात असतो तेवढा, बहुतेकांना चालतो.

प्रश्न : मी माझ्यासाठी पालक-टोमॅटो सूप करतो, तेच आईला देऊ का? तिचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलंय, आणि हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे.
— व. कु., लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : विचारल्याशिवाय देऊ नका, दादा. पालकात आणि टोमॅटोत पोटॅशियम भरपूर असतं, आणि मूत्रपिंड अशक्त झालं की ते रक्तात साठून हृदयाच्या ठोक्यांना धोका होतो. अशा रुग्णांना भाज्या उकळून पाणी टाकून द्यायला सांगतात, आणि सूपात आपण नेमकं तेच पाणी पितो. दुसरं, गोळी वॉरफरिन असेल तर पालकातलं व्हिटॅमिन के तिचा परिणाम बदलतं. आज वाटीभर, मग आठवडाभर काहीच नाही, असं झालं की रक्ताच्या तपासणीचे आकडे वरखाली होतात. आईचा शेवटचा पोटॅशियमचा रिपोर्ट आणि गोळीचं नाव घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. तोवर तिचं ताट तिला सांगितलंय तसंच ठेवा.

प्रश्न : विजयनगरला एकटा राहतो, नोकरीतून रात्री नऊला येतो. रविवारी आठवड्याचं सूप करून ठेवलं तर?
— अ., इंदूर

उत्तर : आठवड्याचं फ्रीजमध्ये नको, तीन दिवसांचं ठेव. उरलेलं एकेका वाटीच्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाक. गॅसवरून उतरवल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि मोठं पातेलं पटकन निवत नाही, म्हणून उथळ डब्यांत ओत. लिंबू आणि कोथिंबीर प्यायच्या वेळी घाल. लागेल तेवढंच काढून खळखळून उकळ, उकळलेलं परत डब्यात ओतू नकोस. बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर भिजवून शिजवलेले चणे घे, नुसतं सूप पिऊन झोपू नकोस.