स्वतःचा ओव्हर

धुळे

प्रिय बेटा,

तुझे पत्र आणि सोबतच्या झेरॉक्स मिळाल्या. बी.एस्सी. नर्सिंगला तुझा नंबर लागल्याची बातमी पत्राच्या पहिल्या तीन ओळींत आटोपते आणि उरलेली दोन पाने एकाच प्रश्नावर खर्ची पडतात, की सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून आलेला तांबड्या पेशींचा आजार, असल्याचे कॉलेजात सांगावे की सांगू नये. आई म्हणते, तोंड बंद ठेव, धाकटीचे लग्न अजून व्हायचे आहे. मामा म्हणतात, आधी फी भरून पावती हातात पडू दे, मग बघू. आणि तू लिहितेस की 'पूर्वीचा काही आजार असल्यास' या रकान्यापाशी गेले चार दिवस तुझा पेन अडला आहे.

माझे मत आधीच लिहून टाकते : सांग, आणि वॉर्डात पाय ठेवण्याआधी सांग. मात्र काय सांगायचे, कोणाला आणि कोणत्या शब्दांत, यावर बरेच काही अवलंबून असते, म्हणून पत्र लांबणार आहे.

तुझा एच.पी.एल.सी.चा, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या तपासणीचा, रिपोर्ट मी दोनदा वाचला. तुझा पॅटर्न एसएस आहे, म्हणजे तू वाहक नसून रुग्ण आहेस. हे मुद्दाम लिहिते, कारण शहादा, तळोदा, धडगावकडच्या कितीतरी मुली केवळ एएस, म्हणजे वाहक, असूनही आपल्याला मोठा आजार असल्यासारख्या धास्तावून राहतात. एएस असलेल्या मुलीला एक जीन आईकडून किंवा वडिलांकडून आलेले असते, तिला सहसा काही त्रास होत नाही आणि कॉलेजला सांगण्यासारखेही त्यात काही नाही. जोडीदारही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते, एवढे तिने लग्नाआधी लक्षात ठेवले की पुरे. तुझी गोष्ट वेगळी आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तुझी १० ते २० दिवसांत संपते. अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली, ताप आला किंवा अति श्रम झाले की त्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. नर्सिंगच्या चार वर्षांत पाणी कमी पडणे, जागरण, थंडगार ऑपरेशन थिएटर आणि तापाचे पेशंट यांपैकी काहीही चुकत नाही. म्हणूनच सांगायचे.

आता एक जुनी गोष्ट लिहिते, जी मी फारशी कोणाला सांगत नाही. मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे वॉर्डात विद्यार्थिनींना काम शिकवणारी, होते तेव्हाची. हॉस्पिटलचे नाव लिहीत नाही. डिसेंबरातली रात्र होती, मेडिकल वॉर्ड भरलेला होता, दोन खाटांच्या मध्येही पेशंट होते. पहाटे तीनच्या राउंडला गेले तेव्हा दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी चादरींच्या कपाटाला टेकून, गुडघा दोन्ही हातांनी धरून बसलेली दिसली. मी म्हणाले, "नाटकं बंद कर आणि उठ, सहाची टेंपरेचर्स कोण घेणार?" शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीसोबत आलेली बाई म्हणाली, "सिस्टर, तिले बसू द्या ना, तिना पाय थरथरी ऱ्हायना." मी त्या बाईलाही गप्प केले. मुलगी उठली. थर्मामीटर झटकताना तिचा हात कापत होता, हे मी पाहिले आणि झोप आली असेल असे समजले. सगळ्या खाटांचे चार्ट तिने भरले, आणि सात वाजता ज्या वॉर्डात ती ड्यूटीला होती त्याच वॉर्डात, धाप लागलेल्या अवस्थेत, तिला पेशंट म्हणून खाटेवर घ्यावे लागले. तिला एसएस असल्याचे आम्हाला दुपारी तिचे वडील आल्यावर कळले. ती बरी होऊन घरी गेली, पण कोर्सला परत आली नाही.

तिने लपवले म्हणून असे झाले, असे मी बरीच वर्षे म्हणत असे. आता म्हणत नाही. समोर दुखणे दिसत असताना मी ते नाटक समजले, ही चूक माझी. तरीही एक गोष्ट खरी आहे की सिकलसेलच्या दुखण्याला जखम नसते, पुष्कळदा सूज नसते, तापही नसतो, आणि आधी कल्पना नसलेल्या माणसाला ते कामचुकारपणासारखे दिसते. रात्री तीन वाजता कळा येत असताना कोणाला जन्मापासूनचा आजार समजावून सांगता येत नाही. ते काम आधीच, दिवसाउजेडी, बसून करून ठेवायचे असते.

वॉर्डात गेलीस की पहिल्याच आठवड्यात तुला 'ओव्हर देणे' हा शब्द कानी पडेल. ड्यूटी संपवून जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला खाटेखाटेवर जाऊन सांगते : हा पेशंट अमुक आजाराचा, सलाईन इतके वाजता संपेल, लघवीचे माप ठेवायचे आहे, श्वास वाढला तर डॉक्टरांना बोलवा. त्यात पेशंटची कर्मकहाणी नसते, त्याच्या बहिणीचे लग्न नसते, त्याच्याबद्दल हळहळही नसते. पुढच्या आठ तासांत काय लागेल आणि कशावर नजर ठेवायची, एवढेच असते. तुला तुझा स्वतःचा ओव्हर असाच द्यायचा आहे.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, एका पानाचा असावा. माझ्या मते तो साधारण असा असेल : "मला सिकलसेल आजार (एसएस) असून नियमित उपचार सुरू आहेत. मी रोज हायड्रॉक्सीयुरिया व फॉलिक ॲसिड घेते आणि ठरल्याप्रमाणे रक्ततपासणी करून घेते. ड्यूटीच्या वेळेत पाणी पिण्यास व बाथरूमला जाण्यास मुभा असावी. ताप आल्यास, छातीत दुखल्यास किंवा धाप लागल्यास त्याच वेळी डॉक्टरांना दाखवणे माझ्यासाठी आवश्यक आहे. हातपाय वा कंबर दुखू लागल्यास लवकर विश्रांती व औषध मिळाले तर पुढचा त्रास टळू शकतो." बस. 'माझ्यावर दया करावी', 'गरीब आदिवासी मुलगी आहे' असली वाक्ये त्यात नकोत. तू सवलत मागत नाहीस, माहिती देत आहेस. रात्रपाळी अजिबात नको असेही लिहू नकोस. रात्रपाळीशिवाय नर्स होत नाही. सलग रात्रपाळ्यांनंतर लगेच दिवसाची ड्यूटी लागू नये, एवढे मात्र विनंती म्हणून लिहिता येईल.

पाण्याचा मुद्दा तुला क्षुल्लक वाटेल. विद्यार्थिनींना ड्यूटीत बाथरूमला जायला लाज वाटते, जागा जवळ नसते, इन्चार्ज काय म्हणेल याची भीती असते, आणि म्हणून सकाळी निघतानाच त्या पाणी पीत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्या दिवसांत कम्युनिटी पोस्टिंगला दारोदार हिंडणाऱ्या मुली घसा कोरडा ठेवून दुपार काढतात. इतर मुलींचे त्यात डोके दुखते, तुला मात्र ॲडमिट व्हावे लागेल. या एका कारणासाठीसुद्धा अर्ज करणे मला योग्य वाटते.

अर्जाला उपचार करणाऱ्या फिजिशियनचे पत्र जोड. प्रवेशाच्या कागदपत्रांत वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला लागतोच, आणि इथेच पुष्कळ मुली घसरतात. ओळखीच्या डॉक्टरकडून, तपासणीविना, 'कोणताही आजार नाही' असे लिहून आणलेला दाखला पुढे तुझ्याच गळ्याशी येईल. न विचारलेली गोष्ट न सांगणे वेगळे आणि विचारल्यावर खोटे लिहून देणे वेगळे. पहिल्याचा खुलासा करता येतो, दुसऱ्याचा करता येत नाही. तुझी फाइल ज्यांच्याकडे आहे त्यांना सरळ सांग, की सिकलसेल असल्याचे नमूद करून, अमुक काळजी घेतल्यास ही विद्यार्थिनी नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करण्यास सक्षम आहे, असे लिहून द्या. त्याच भेटीत लसींचेही विचारून घे. हिपॅटायटिस बी तर नर्सिंगच्या सर्वच विद्यार्थ्यांनी घ्यायची असते, पण सिकलसेलमध्ये जंतूंशी लढणारी प्लीहा नीट काम करत नसल्याने न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लसही महत्त्वाची ठरते.

अर्ज नुसता टेबलावर ठेवून येऊ नकोस. दोन प्रती ने, एक क्लार्ककडे दे आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती आपल्या फाइलला लाव. मूळ रिपोर्ट कोणालाही देऊ नकोस. हा सल्ला ३४ वर्षांच्या सरकारी नोकरीचा आहे, त्यावर वाद नको.

पोच का लागते, याचे एक कारण हजेरी. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकाची हजेरी पदवी मिळण्याआधी शंभर टक्के भरून द्यावी लागते. म्हणजे तू आठ दिवस ॲडमिट राहिलीस तर ते आठ दिवस माफ होत नाहीत, कधी तरी भरावेच लागतात. कॉलेजला आधी माहीत असेल तर क्लिनिकल कोऑर्डिनेटर ते दिवस सुट्टीत किंवा सेमिस्टरच्या शेवटी बसवून देऊ शकतात. माहीत नसेल तर तुझ्या नावापुढे फक्त गैरहजेरी दिसते.

"सांगितले आणि प्रवेशच रद्द केला तर?" असे तू विचारले आहेस. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात सिकलसेलचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. त्या कायद्याने दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई आहे आणि शिक्षणसंस्थेने वाजवी सोयी द्याव्यात असेही म्हटले आहे. पण त्याचा अर्थ सगळे फायदे आपोआप मिळतात असा नाही. आरक्षणासारख्या लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि केवळ एसएस रिपोर्टवर ते मिळत नाही, वैद्यकीय मंडळ तपासून टक्केवारी ठरवते. तू आपल्या गुणांवर आली आहेस, त्यामुळे तो विषय आज तुझ्यापुढे नाही. मात्र कोणी तोंडी म्हणाले की 'असल्या मुली आम्ही घेत नाही', तर वाद न घालता एवढेच म्हण, "मॅडम, हे मला लेखी द्याल का?" तोंडी नकार पुष्कळदा तिथेच विरतो. नाही विरला तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, आणि मी आहे.

प्राचार्यांनंतर हॉस्टेलच्या रेक्टरना सांग, कारण रात्री ताप आला तर गेट त्यांनीच उघडायचे आहे. मग खोलीतल्या एका मैत्रिणीला सांग. सगळ्या वर्गाला नको, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे खोलीतल्या मुलीला पहिल्याच वाक्यात सांग, नाहीतर ताट-वाटी वेगळी होते. नर्सिंगच्या हॉस्टेलातही होते, मी पाहिले आहे. प्रत्येक पोस्टिंगला वॉर्ड इन्चार्जना सगळा इतिहास सांगायची गरज नाही. "मला सिकलसेल आहे, कॉलेजला अर्ज दिलेला आहे, ताप आला तर मला थांबता येणार नाही," एवढे पहिल्या दिवशी पुरे.

राहता राहिली आई. तिची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे सोयरिकीच्या बैठकीत एका मुलीचा आजार दुसरीच्या पदरात बांधला जातो, हे मलाही माहीत आहे. पण धाकटीची तपासणी झाली आहे का, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. तुला दोन्हीकडून जीन आले, म्हणजे आई आणि वडील दोघांतही ते आहे, आणि धाकटी निरोगी, वाहक किंवा रुग्ण यांपैकी काहीही असू शकते. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आहे, तेव्हा तिला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. कॉलेजच्या फाइलीतला कागद सोयऱ्यांपर्यंत पोचत नाही, पण न तपासलेले रक्त पुढच्या पिढीपर्यंत पोचते. हे आईला माझ्या नावाने सांगितलेस तरी चालेल. तिला राग आला तर तो माझ्यावर येऊ दे.

आणखी काही वर्षांनी सातपुड्यातल्या एखाद्या उपकेंद्रात तूच कोणा मुलीच्या बोटातून रक्ताचा थेंब काढशील आणि तिच्या आईला नीट समजावून सांगशील. त्या वेळी तुझा स्वतःचा कागद फाइलीत असला तर तुला ते बोलणे सोपे जाईल, असे मला वाटते.

प्रवेशाची शेवटची तारीख तू लिहिलेली नाहीस, ती लगेच फोनवर कळव. रविवारी सकाळच्या एस.टी.ने ये, कच्चा अर्ज लिहून आण, फिजिशियनचे पत्र मिळाले असेल तर तेही आण, आणि रक्तपेशी मोजणारा शेवटचा सी.बी.सी. रिपोर्ट महिन्यापेक्षा जुना असेल तर येण्याआधी नवा करून घे. येताना पाण्याची बाटली भरून घे, दोंडाईच्याच्या पुढे गाडी कुठे थांबते याचा भरवसा नाही.

तुझी,
सिस्टर