आधी फ्युरोसेमाइड, मग तुझं औषध

चि. स,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचला. सांधेदुखीच्या गोळ्यांनी मूत्रपिंडातल्या ऑक्सिजनचं काय होतं, हे एमआरआयने पाहायचं तुझं ठरतंय. प्रश्न मोलाचा आहे. या गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीशिवाय महिनोन्महिने घेतल्या जातात आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणूनच खटकलं ते सगळं लिहितो.

तू जागोजागी ‘ऑक्सिजन मोजू’ असं म्हटलंयस. यंत्र मोजतं ते वेगळंच. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन भोवतीचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतं, त्यामुळे यंत्राला मिळणारा संकेत लवकर विझतो. त्या विझण्याचा वेग म्हणजे आर-टू-स्टार. तो वाढला म्हणजे ऑक्सिजन घटला, हे आपलं अनुमान. रक्ताचं प्रमाण बदललं, हिमोग्लोबिन कमी असलं, शरीरात पाणी कमी असलं, तरी आकडा हलतो. आपल्याकडच्या मुलींमध्ये रक्तक्षय किती आढळतो ते तुला ठाऊक आहे, तेव्हा प्रत्येकाचं हिमोग्लोबिन आधी तपासून घे.

आता मेड्युलाकडे, म्हणजे मूत्रपिंडाच्या आतल्या भागाकडे, नीट बघ. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांना मिळतो, पण मेड्युलाच्या वाट्याला त्याचा दहावा भागही येत नाही. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या थरात, ऑक्सिजनचा दाब ५० मिमी पाऱ्याच्या आसपास, मेड्युलात जेमतेम १० ते २०. तिथेच हेन्लेच्या वळशाचा (मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकेच्या वळणाचा) जाड चढता भाग मीठ ओढून घ्यायला ऑक्सिजन जाळत असतो. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध ते काम थांबवतं, ऑक्सिजनचा खर्च घटतो, आर-टू-स्टार उतरतो. १९९६ साली प्रसाद, एडलमन आणि एपस्टाइन यांनी हे माणसांत दाखवलं. तुझ्या यंत्रावर, तुझ्या हाताने हा उतार आधी दिसू दे. तो दिसत नसेल, तर तुझ्या औषधाच्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तुझ्या गोळ्यांचा मार्ग उलटा आहे. त्या प्रोस्टाग्लँडिन (रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवणारी शरीरातली द्रव्यं) अडवतात आणि मेड्युलाचा रक्तपुरवठा आवळतात. फ्युरोसेमाइडने खर्च बदलतो, यांनी पुरवठा. चित्रात मात्र दोन्हीचा एकच आकडा उमटतो. म्हणून शक्य असेल तर त्याच बैठकीत रक्तप्रवाहही मोज.

आणि पाणी! तरुण निरोगी माणसाला भरपूर पाणी पाजलं की मेड्युलाचा आर-टू-स्टार उतरतो. तुझ्या गोळ्यांपैकीच एक असलेली आयबुप्रोफेन दिल्यावर ही सुधारणा नाहीशी होते, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालंय. म्हणजे पाणी तुझ्या प्रश्नाच्या गाभ्यातच आहे, आणि प्रस्तावात त्यावर एक ओळ आहे. विरार-कल्याणहून मे महिन्यात लोकलने घामाघूम येणारी माणसं तुझे स्वयंसेवक. बायका तर स्थानकावरच्या स्वच्छतागृहांच्या धास्तीने घरून निघतानाच पाणी टाळतात. अशा दोघांची तुलना केलीस तर औषधाआधी प्रवासच मोजशील. आल्यावर त्यांना थंडाव्यात बसव, ठरलेलं पाणी दे, लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती किती दाट आहे ते, बघ. आधीच्या दिवसाचं मीठ, चहा आणि डोकेदुखीची गोळीसुद्धा विचार. ‘गोळी घेतली का’ म्हटल्यावर लोक नाही म्हणतात. ‘डोकं दुखलं तर काय घेता’ असं विचारलंस तर खरं सांगतात.

यंत्राबद्दल थोडंच. ३ टेस्लावर, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकावर, फरक ठळक येतो, पण आतड्यातल्या वायूचा त्रासही वाढतो, तेव्हा वायूला लागून असलेला भाग सोडून दे. श्वास प्रत्येक वेळी सोडून रोखायला सांग, म्हणजे मूत्रपिंड त्याच जागी सापडेल. कॉर्टेक्स-मेड्युलाच्या सीमा आखणाऱ्याला चित्र औषधाआधीचं की नंतरचं हे कळता कामा नये, तुलाही नाही.

गॅडोलिनियम (चित्र ठळक यावं म्हणून टोचायचं द्रव्य) लागत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय. त्यामुळे पुढे मूत्रपिंडाच्या रुग्णांपर्यंतही जाता येईल. पण त्यांना या गोळ्या मुद्दाम द्यायच्या नाहीत, यावर मी तडजोड करणार नाही.

संमतीपत्राचा मराठी मसुदा आधी पाठव. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयची (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीची) नोंदणी हाती आल्यावरच पहिल्या स्वयंसेवकाला बोलाव. पाण्याचा भाग नव्याने लिहिलास की परळला ये, आपण तो ओळीओळीने पाहू.

तुझा,
सर