'फिक्स्ड बायस' फिक्स नसतो, तो कसा?

एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांनी साठच्या दशकातल्या फेंडर ट्विन रिव्हर्ब या गिटार ॲम्पमध्ये (ॲम्प्लिफायरमध्ये) नव्या पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या ट्यूब, बसवल्या. सर्किट 'फिक्स्ड बायस'चं असूनही मेकॅनिक म्हणतो, बायस सेट करावा लागेल. फिक्स असलेली गोष्ट सेट कशी करायची? शिवाय बायसला मराठीत 'पूर्वग्रह' म्हणावं का?

पूर्वग्रह नको, तो माणसांचा असतो. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला तो 'तिरपा' या अर्थाने. त्या अंगाने 'कल' बरा वाटतो, पण 'ट्यूबचा कल तपास' असं दुरुस्तीच्या टेबलावर कोण बोलणार? बायसच राहू द्या.

आता मुख्य मुद्दा. ट्यूबमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि चारशे-साडेचारशे व्होल्टच्या प्लेटकडे धावतात. वाटेत ग्रिड, म्हणजे तारेची जाळी, असते. गिटारची तार छेडण्याआधीच ग्रिड कॅथोडच्या मानाने ऋण ठेवायची, म्हणजे प्रवाह आवाक्यात राहतो. हा ऋण दाब म्हणजे बायस. ट्विनच्या एबी७६३ या सर्किटच्या आकृतीत तो उणे ५२ व्होल्ट दिला आहे.

लग्नाची तारीख फिक्स झाली की ती हलत नाही, म्हणून मराठी कान इथे फसतो. या 'फिक्स्ड'चा अर्थ एवढाच, की दाब वेगळ्या पुरवठ्यातून येतो आणि ट्यूबने प्रवाह कमी-जास्त ओढला म्हणून आपणहून बदलत नाही. व्हॉक्स एसी३० या ॲम्पमध्ये उलट. तिथे कॅथोडला रेझिस्टर असतो. प्रवाह वाढला की कॅथोडचा दाब वर जातो, ग्रिड त्या मानाने आणखी ऋण होते आणि ट्यूब स्वतःला आवरते. ट्विनमध्ये अशी आपोआप सावरण्याची सोय नाही. एकाच नंबरच्या दोन ट्यूब त्याच उणे ५२ वर वेगवेगळा प्रवाह ओढतात, म्हणूनच स्क्रू ड्रायव्हरने आतला पॉट (बदलता रेझिस्टर) फिरवून दाब जुळवावा लागतो.

खरा घोटाळा मात्र 'बायस वाढव' या वाक्यात आहे. काय वाढवायचं? ऋण दाब वाढवला तर प्रवाह घटतो! म्हणून जाणकार 'हॉट' (प्रवाह जास्त) आणि 'कोल्ड' (प्रवाह कमी) म्हणतात. आपल्याकडे 'गरम', 'थंड' चालेल. फार थंड ठेवली तर हळू वाजवताना आवाज खरखरीत होतो, फार गरम ठेवली तर प्लेट लाल होते. ट्विनमधल्या ६एल६जीसी या पॉवर ट्यूबची प्लेट ३० वॉट सोसते. नुसत्या चालू ॲम्पला त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे २१ वॉट, ही रूढ वरची मर्यादा. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर दर ट्यूबमागे साधारण ४६ मिलिअँपिअर. 'उणे ५२ आला, झालं' असं कोणी म्हणालं, तर प्रवाह किती ते विचारा.

१९६८ नंतरच्या चंदेरी पॅनेलच्या काही ट्विनमध्ये आतला तो पॉट बायसचा नसून बॅलन्सचा असतो. तो फिरवून दोन बाजूंच्या ट्यूबचा प्रवाह सारखा करता येतो, एकूण पातळी ठरवता येत नाही. तेव्हा मेकॅनिकला 'पॉट फिरवला का' असं विचारू नका. आणि झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरलेला असू शकतो.