विहिरीतलं नायट्रेट जिवाणू खातील का?

प्रश्न (संत्रा बागायतदार, तालुका काटोल): साहेब, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ९० मिलिग्रॅम निघालं. भूजलातले जिवाणू प्रदूषण खातात म्हणे. मग विहिरीत जिवाणूंची पावडर किंवा गूळ-शेण टाकू का? शेजारच्या बोअरला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तिथं नायट्रेट आणखी जास्त असेल का?

उत्तर: आधी घरचं पाहा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, तुमचं पाणी त्याच्या दुप्पट. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याचं वरचं दूध या पाण्यात अजिबात कालवू नका, बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. आरओने मात्र ते कमी होतं.

आता जिवाणू. ऐकलंत ते खरं आहे. सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणूंना श्वासासाठी आधी ऑक्सिजन लागतो. तो संपला की काही जाती नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. नायट्रेट संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट असा क्रम चालतो. सडक्या अंड्याचा वास हा सल्फेटच्या टप्प्याचा. म्हणून शेजारच्या बोअरमध्ये नायट्रेट बहुधा कमीच निघेल, पण विरघळलेलं लोह जास्त असू शकतं. ड्रिपरच्या तोंडाशी लालसर गाळ धरतो का, ते बघा.

तुमच्या उघड्या विहिरीत हे का होत नाही? हे जिवाणू सगळीकडे असतात, त्यामुळे पावडर विकत घेण्यात अर्थ नाही. अडचण अशी की उथळ विहिरीच्या पाण्यात हवा मिसळलेली असते आणि त्यांना खायला कार्बन फारसा नसतो. गूळ टाकलात तर पाणी नासेल, नायट्रेटचं अर्धवट विघटन होऊन नायट्राइट साचेल आणि ते बाळाला जास्त घातक. शेणातून तर रोगजंतूच जातील. अर्धवट विघटनाचा धोका कारखान्यांच्या रसायनांतही दिसतो: ट्रायक्लोरोएथिलीनमधला क्लोरीन असेच जिवाणू एकेक करून काढतात, पण काम मध्येच थांबलं तर कर्करोगकारक व्हिनाइल क्लोराइड उरतं. म्हणून अशी प्रक्रिया तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करतात.

तुमच्या हातात आहे ते करा. उकिरडा, गोठ्याचं मूत्र, शौचखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर आधी तो हलवा. पाण्यातलं नत्र खतात धरा: तुमच्या एक लाख लिटर पाण्यातून सुमारे २ किलो नत्र बागेला मिळतं, म्हणजे जवळपास साडेचार किलो युरिया. आंबिया बहाराचं (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याचं) पाणी सुरू कराल तेव्हा तेवढा युरिया कमी करा आणि उरलेला एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्या. मोकळ्या सिंचनाने पाणी मुळांखाली गेलं की नत्रही खाली जातं, म्हणून ठिबकच बरं.

पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात अशी दोनदा तपासणी करा. पंप दहा मिनिटं चालवून स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. बाटली उन्हात राहिली तर त्यातलेच जिवाणू नायट्रेट बदलून टाकतात आणि आकडा चुकतो.