दिंडीत राहून स्वतःची ओळख पटते का?

धार्मिक समुदायात राहून माणूस स्वतःला खरंच ओळखू लागतो का आणि नेमका कसा, असं तुम्ही विचारलं आहे. माझं उत्तर वारकऱ्यांपुरतं देतो: हो, आणि ते प्रवचनापेक्षा एकत्र राहण्याने जास्त घडतं.

आषाढी वारीत वारकरी दिंडीने, म्हणजे एकत्र चालणाऱ्या, जेवणाऱ्या गटाने, पायी जातात. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. पहिल्या दिवसापासून सगळे तुम्हाला 'माउली' म्हणतात. साहेब, डॉक्टर, सरपंच ही बिरुदं घरीच राहतात. धाकटा पाया पडला की थोरलाही वाकून त्याच्या पाया पडतो. सुरुवातीला हे फार गोड वाटतं. पाचव्या-सहाव्या दिवशी मात्र तंबूतली जागा, टँकरपुढची रांग, शेजाऱ्याचं घोरणं यावरून डोकं फिरू लागतं. घरी राग आला तर दार लावून घेता येतं; इथे तासाभरात त्याच माणसाच्या टाळाशी आपला टाळ जुळवावा लागतो. आपण किती चिडके आहोत, किती हट्टी आहोत, हे तेव्हा दिसतं.

मुक्कामाच्या तळावरची समाजआरती, म्हणजे सगळ्यांची एकत्र आरती, नीट बघा. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या असतात. शिस्त राखणाऱ्या चोपदाराने चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, मगच आरती. एवढ्या शांततेत फक्त आपलाच टाळ वाजणार असेल, तर आपली तक्रार केवढी आहे हे माणूस आधी स्वतःला विचारतो.

जायचं असेल तर गावाकडच्या किंवा ओळखीच्या दिंडीत आधी नाव नोंदवा, जेवणखाण्याची वर्गणी भरा. सामान ट्रकमध्ये जातं. चप्पल वापरून मऊ झालेलीच घ्या, नव्या चपलेने दुसऱ्या दिवशी फोड येतात. वाढपाचं किंवा भाजी चिरायचं काम मागून घ्या, काकडा (पहाटेची आरती) आणि हरिपाठ चुकवू नका.

पुणे ते सासवड एवढाच टप्पा चालणारे बरेच असतात. दिवे घाट पाय दमवतो, पण एका दिवसात स्वभाव उघडा पडत नाही. निदान आठवडा काढा.

आणि भरात येऊन माळ घालू नका. तुळशीची माळ म्हणजे मांसाहार आणि दारू बंद, एकादशी आणि पंढरीची वारी, तेही जन्मभर. आधी घरी वर्षभर एकादशी धरून बघा, मग दिंडीतल्या जाणत्यांशी बोला.