नागपुरात सिनेमांच्या आणि लाइव्ह मैफिलींच्या डीव्हीडी अजून मिळतात का? घेताना काय पाहावं?

मिळतात, पण शोधाव्या लागतात. तुम्ही लिहिलंय की वडील नुकतेच निवृत्त झालेत, मोबाइलवर शोधत बसायचा त्यांना कंटाळा आहे, घरात जुना प्लेअर पडून आहे, आणि त्यांना जुने सिनेमे नि शास्त्रीय गाण्याच्या मैफिली निवांत पाहायच्यात. माझ्या कपाटात साडेतीनशेच्या आसपास डीव्हीडी आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त मैफिलींच्या. त्या जमवताना जे हाताला लागलं ते सांगतो.

आधी कुठे मिळतील ते. बर्डीत, सदरला, धरमपेठेत मी ज्या कॅसेटच्या दुकानांत जायचो, तिथे आता मोबाइलची कव्हरं आणि चार्जर टांगलेले असतात. पण बऱ्याच जणांचा जुना माल पोटमाळ्यावर खोक्यांत तसाच आहे. तो आपणहून कोणी खाली काढत नाही. "डीव्हीडी आहेत का?" असं मोघम विचारलंत तर "नाही" ऐकून परत याल. "लाइव्ह प्रोग्रामच्या, शास्त्रीयच्या, जुन्या पडलेल्या असतील तर दाखवता का?" असं नेमकं विचारा आणि थोडा वेळ हाताशी ठेवा. दुसरी जागा रद्दीवाल्यांची. लोक घर बदलतात किंवा फ्लॅटमध्ये जातात, तेव्हा पुस्तकांच्या गठ्ठ्यांबरोबर डीव्हीडीही जातात. मला काही चांगल्या मैफिली स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांखाली सापडल्यात. तिसरा मार्ग ऑनलाइन, त्यात एक खड्डा आहे, तो पुढे सांगतो.

आता मुख्य गोष्ट. सिनेमासाठी फार जीव टाकू नका. गाजलेला सिनेमा टीव्हीवर कुठे ना कुठे लागतोच, आणि बऱ्याचदा डीव्हीडीपेक्षा स्वच्छ दिसतो. अपवाद समांतर सिनेमाचा: एनएफडीसीने, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, 'सिनेमाज ऑफ इंडिया' या नावाने जुने सिनेमे दुरुस्त करून डीव्हीडीवर आणले होते, ते दिसले तर सोडू नका. पैसा आणि वेळ घालवायचा तो मैफिलींवर घालवा. इंटरनेटवर मैफल तुकड्यांत येते. कोणीतरी द्रुत बंदिश तेवढी कापून टाकतो, विलंबित ख्याल गायब, तानपुरे जुळवण्याची ती दोन मिनिटं गायब, मधे जाहिरात. गवई श्रोत्यांकडे बघून हसतो, तबलजी हातोडीने तबल्याच्या कडेचा गजरा ठोकून सूर मिळवतो, पेटीवाला एखादी जागा उचलून परत देतो, हे सगळं मिळून मैफल होते. वडिलांना तेच हवं असणार. दूरदर्शनने आपल्या संग्रहातली शास्त्रीय गायन-वादनाची मुद्रणं डीव्हीडीवर काढलेली आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करा.

म्हणून मैफिलीची डीव्हीडी हातात घेतली की किमतीच्या आधी मागे छापलेली मिनिटं वाचा. एक राग पन्नास मिनिटं आणि पाच राग मिळून पन्नास मिनिटं, यात फार फरक आहे. कव्हरवर मोठ्या गवयाचा फोटो आणि आत मुलाखतीच्या अधेमधे गाण्याचे तुकडे, असं मला दोनदा झालं. परदेशी मैफिलींनाही हेच लागू. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या स्मरणार्थ २९ नोव्हेंबर २००२ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मैफल झाली. पंडित रविशंकरांनी त्यासाठी खास रचना केली होती आणि अनुष्का शंकर यांनी ती वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. तिचा दोन डिस्कचा संच निघाला: एकीवर थिएटरात दाखवलेला चित्रपट, दुसरीवर संपूर्ण मैफल. आमच्याकडे संपूर्ण मैफलीचीच डिस्क लागते. जुनी घेताना अशा संचात दोन्ही डिस्क आहेत ना, हे डबी उघडून बघा. एक हरवलेली असणं फार नेहमीचं आहे.

डिस्क तपासायची कशी, ते एका प्रसंगातून सांगतो, कारण त्या दिवशी मी स्वतः शिकलो. बर्डीतल्या एका गल्लीत दुकानदार काकांनी खोकं माझ्यापुढे सरकवलं. "घेऊन जा ना भाऊ, कोन पाहते आता डीव्हीडी? साठ-साठ रुपये द्या." मी एका गायिकेच्या मैफिलीची डबी उचलली. खालची बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, एक ओरखडा नाही. खूश होऊन घरी आणली. सव्वा तास सुंदर चाललं. भैरवी सुरू झाली आणि चित्र चौकोनाचौकोनांत फुटलं, आवाज अडकला, प्लेअर थांबला. डिस्क काढून नीट पाहिली तर बाहेरच्या कडेला बोटाच्या पेराएवढा ढगाळ डाग. पुसून जाईना, कारण तो आत होता. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या चिकटवलेल्या असतात. चिकटवण कडेला सुटली की आत हवा शिरते आणि आतला चकाकता थर खराब होतो. माहितीचा एकच थर असलेली डिस्क मधून बाहेर वाचली जाते, म्हणजे मैफल गच्च भरलेली असेल तर शेवट अगदी कडेला येतो. कडा बिघडली की पहिला घाव भैरवीवर.

तेव्हापासून मी कडेवरून नजर फिरवल्याशिवाय डिस्क घेत नाही. मधल्या भोकाभोवतीही केसासारखी चीर आहे का बघतो. डबीतून डिस्क वाकवून ओढली की ती पडते आणि वाढत जाते. ओरखड्यांचं म्हणाल तर मधून कडेकडे गेलेला बारीक ओरखडा बहुधा चालून जातो, चकतीबरोबर गोल गेलेला वाईट. म्हणून पुसतानाही मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल गोल नाही. कंपनीत छापलेल्या डिस्कची खालची बाजू रुपेरी असते, आतल्या कड्यावर बारीक अक्षरांत क्रमांक असतो. दोन थरांची असेल तर सोनेरी झाक दिसते, तिला घाबरू नका. जांभळट किंवा निळसर झाक दिसली तर ती कोणीतरी घरी कॉपी केलेली समजा आणि ठेवून द्या.

आता ऑनलाइनचा खड्डा. एका विक्रेत्याकडून मी परदेशी मैफिलीची वापरलेली डिस्क मागवली. डिस्क नवीकोरी, पण प्लेअरने पडद्यावर रीजनचा, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालेल त्या क्रमांकाचा, संदेश दाखवला आणि तोंड मिटलं. डबीमागे पृथ्वीगोलाच्या छोट्या चित्रात '१' छापलेला होता, म्हणजे ती अमेरिका-कॅनडासाठी. भारत रीजन ५ मध्ये येतो. आपल्याला ५ किंवा 'ऑल' हवं. डिस्कमध्ये दोष नाही म्हणून विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. तेव्हा मागवण्याआधी मागच्या बाजूचा आणि डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण फक्त पाच वेळा, नंतर तो कायमचा अडकतो. पाल की एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती) याची फारशी काळजी नको, आपल्याकडचे प्लेअर दोन्ही चालवतात.

रद्दीत 'एकात तीन सिनेमे' वाल्या डिस्क खूप दिसतील. स्वस्त असतात, पण घेऊ नका. दोन थरांच्या डिस्कवर ८.५ जीबी जागा असते. साडेसात तासांचे तीन सिनेमे तिच्यात कोंबले की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला इतकं कमी येतं की अंधारातले प्रसंग आणि गर्दीचे नाच धुरकट दिसतात. एका थराच्या ४.७ जीबीवर एकच दोन तासांचा सिनेमा असेल तर त्याच्या दुप्पट वाटा मिळतो. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्या तेव्हा घराघरांत डीव्हीडी गेल्या. त्याच आज रद्दीत सगळ्यात जास्त सापडतात. त्यातली एका सिनेमाची डिस्क कडा बघून खुशाल घ्या.

आपल्या नागपूरचं एक वेगळंच दुखणं आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि त्यावर उपाय म्हणून दिवसभर कूलर. कूलरची ओली हवा ज्या भिंतीवर येते तिथे माझं कपाट होतं. दोन उन्हाळ्यांत डब्यांतल्या कागदी कव्हरांवर ठिपके आले आणि काही डिस्कवर पांढुरकी बुरशी धरली. आता कपाट आतल्या खोलीत हलवलंय, डिस्क उभ्या ठेवतो आणि वरच्या माळ्यावर काही ठेवत नाही, कारण स्लॅब तापतो. उन्हात उभ्या गाडीत तर एक तासही डिस्क ठेवू नका.

खरेदीआधी तो पडलेला प्लेअर लावून बघा. नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा नसेल तर एचडीएमआय असलेला प्लेअर लागेल. वापरलेला घेणार असाल तर एखादी दोन थरांची डिस्क बरोबर न्या आणि दुकानातच ती मध्यापर्यंत पळवा. थर बदलताना क्षणभर थांबणं साहजिक आहे, पण झिजलेला प्लेअर तिथेच अडकून पडतो. घरी मैफल लावताना मेन्यूत आवाजाची निवड असेल आणि वेगळे स्पीकर नसतील, तर ५.१ (बऱ्याच स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टीरिओ ठेवा. टीव्हीच्या स्पीकरवर गळा पुढे येतो आणि तानपुरा नीट ऐकू येतो. आणि आणलेली प्रत्येक डिस्क त्याच दिवशी लावा. वेळ नसेल तर निदान शेवटची वीस मिनिटं तरी पाहून घ्या, म्हणजे बदलून मागायची तर दुकानदाराला तुम्ही आठवत असाल.