चढावर मोटरहोमचं फ्युएल प्रेशर पडतं. इंजेक्शन पंप बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००१ ची ३६ फुटी डिझेल पुशर (मागे इंजिन असलेली मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर), कमिन्सचं ५.९ लिटरचं २४ व्हॉल्व्हचं इंजिन. सपाटीला झकास चालते, चढाला लागली की मान टाकते. गॅरेजमध्ये डिझेलचं प्रेशर ५ पीएसआय (दाबाचं माप) निघालं आणि त्यांनी व्हीपी-४४ इंजेक्शन पंप (इंजेक्टरना जोरात डिझेल देणारा मुख्य पंप) बदला म्हणून सांगितलं.

आत्ता बदलू नका. त्या पंपाला डिझेल नीट मिळत नाहीये, हे तुमचाच ५ चा आकडा सांगतोय; तिथं १० तरी हवं. उपाशी माणसाचं पोट बदलून काय उपयोग? नवा पंपही उपाशीच राहील आणि जुन्याच्या वाटेनं जाईल. व्हीपी-४४ ला वंगण डिझेलचंच आणि त्याच्या अंगावर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सला थंडावाही डिझेलचाच. म्हणून तो लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल घेतो आणि उरलेलं टाकीत परत पाठवतो. परतीचा व्हॉल्व्ह साधारण १४ पीएसआयला उघडतो. प्रेशर कायम पडलेलं राहिलं की पंप आतून घासतो आणि तापतो.

माझी गाडी २००० ची, इंजिन हेच. अ‍ॅरिझोनात फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाताना आय-१७ हायवेवर ब्लॅक कॅन्यन सिटी सोडली की सनसेट पॉइंटपर्यंत जो चढ आहे, तिथं माझी गाडी ताशी २५ मैलांवर आली. मागे ट्रकवाले हॉर्न मारतायत, बायको नकाशात बघतेय की वळायला जागा कुठे आहे. मलाही एका गॅरेजनं पंपच सांगितला होता.

माझं लहानपण तासगावचं. द्राक्षबागेत फवारणीच्या ऐन घाईत ट्रॅक्टर बंद पडला की काका पहिलं वाक्य म्हणायचे, "हवा धरली बघ." म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली. मग पाना, बॅन्जो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट), फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) खटखट, आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाट. सनसेट पॉइंटच्या पार्किंगमध्ये मला तेच आठवलं.

पुशरमध्ये गोम अशी असते की इंजिन मागे आणि टाकी बहुतेक पुढे. फीड पंप (इथे लिफ्ट पंप म्हणतात) इंजिनच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याला तीसेक फुटांवरून डिझेल ओढावं लागतं. आणि तो ढकलण्यात बरा, ओढण्यात कच्चा. पंचवीस वर्षांचा रबरी पाइप कुठेतरी क्लॅम्पखाली तडकतो. गंमत म्हणजे त्यातून थेंबही गळत नाही, कारण तिथं दाब नसतो, ओढ असते. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गाडीखाली जमीन कोरडी ठणठणीत, आणि आपण म्हणतो लाइन ठीक आहे!

आधी मोजा. ०–३० पीएसआयचं साधं काट्याचं गेज फिल्टर आणि व्हीपी-४४ च्या मध्ये लावा, मध्ये एक बारीक सुईचा व्हॉल्व्ह घाला, नाहीतर धक्क्यांनी काटा मरतो. डिझेलची नळी केबिनमध्ये आणू नका. मी गेज इंजिनपाशीच पक्कं बांधलं, समोर जुना फोन रेकॉर्डिंगवर ठेवला आणि तोच चढ पुन्हा चढलो. घरी येऊन बघितलं: आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ११, चढावर ४. आयडलला १० ते १५ हवं आणि पूर्ण लोडवरही १० च्या खाली जायला नको.

मग कॅनची परीक्षा. उभ्या गाडीत, इंजिनपाशी स्वच्छ डिझेलचा कॅन ठेवायचा, टाकीकडून येणारा पाइप सोडवायचा आणि नव्या नळीनं फीड पंपाला थेट कॅनमधून पाजायचं. परतीचं डिझेल टाकीत जात राहतं, त्यामुळे कॅन भराभर रिकामा होतो, लक्ष ठेवा. कॅन लावून गाडी मात्र चालवायची नाही. माझ्याकडे २००० आरपीएमला टाकीवरून ८ होतं, कॅनवरून १३. म्हणजे फीड पंप निर्दोष, दोष मागच्या वाटेत. फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा बसवला तर सोडा वॉटरसारखे बुडबुडे दिसले.

कॅनवरूनही प्रेशर वाढलं नाही तर फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे मोजा. फरक ५ पीएसआयच्या वर गेला तर फिल्टर तुंबलाय. दोन्हीकडे कमीच असेल तर फीड पंप गेला. या इंजिनांत तो आधी जातो, हे जुने मालक जाणतात.

जुना फिल्टर फेकू नका, कापून बघा. मोटरहोम महिनोन्महिने उभी असते, टाकीत पाणी साचतं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात. काळा चिकट गाळ दिसला तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी साफ करावी लागेल. आणखी एक: अर्ध्या टाकीखाली गेल्यावरच त्रास होतो का, हे आठवून बघा. तसं असेल तर टाकीतली ओढनळी वरच्या बाजूला तडकलेली असू शकते. पाइप बदलून ती राहिली तर सगळी मेहनत वाया.

काम झाल्यावर हवा काढायला चावी नुसती लावून भागत नाही, फीड पंप दोनेक सेकंदच चालतो. स्टार्टरला क्षणभर टिचकी द्या, इंजिन सुरू होऊ देऊ नका, मग तो साधारण २५ सेकंद चालतो. असं तीन-चारदा. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे २००३ नंतरचं कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) इंजिन असेल तर इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढायला जाऊ नका. तिथला दाब हजार बारच्या वर असतो, कातडीतून आरपार जातो.

माझ्याकडे टाकीपासून मागपर्यंत पाइप बदलला, फिल्टरच्या डोक्याची ओ-रिंगही (गोल रबरी कडं). तोच चढ, तोच फोन: ११ च्या खाली आलं नाही. व्हीपी-४४ अजून जुनाच आहे.

तुम्ही पुढच्या महिन्यात आय-७० नं कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणार म्हणताय. तो बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे. चढावर १० टिकल्याशिवाय निघू नका. आयडल, चढ आणि कॅन असे तीन आकडे इथे लिहा, मग पुढचं बघू.